आधी वाटा, मग कपाटं

पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्या की इमारतीत एक तारीख फिरू लागते. त्या तारखेच्या आत घर रिकामं करून चावी द्यायची असते. तोवर सगळ्या बैठका चटईक्षेत्र, महिन्याचं भाडं, कॉर्पसची रक्कम आणि नव्या घराची दिशा यांवर झालेल्या असतात. सामानाचा विषय कुणी काढलेला नसतो. शेवटच्या पंधरवड्यात माळ्याला शिडी लागते आणि वर्षानुवर्षं खाली न आलेल्या वस्तू एकाच दुपारी जमिनीवर येतात. तांब्याचा बंब, पाळण्याच्या दांड्या, पत्र्याच्या ट्रंका, सुतळीनं बांधलेले दिवाळी अंक, काच तडकलेल्या तसबिरी, बंद पडलेला टेपरेकॉर्डर आणि त्याच्या कॅसेट. घरातली माणसं त्यांच्याभोवती उभी राहतात. टाकवत काहीच नाही आणि सगळं नेणं शक्य नसतं.

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत हजारो मराठी कुटुंबं सध्या या दुपारीतून जात आहेत. याचं सगळ्यात मोठं उदाहरण बीडीडी चाळींचं. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. कागदावर जागा तिपटीनं वाढली. मात्र चाळीतलं बिऱ्हाड कधीच फक्त १६० फुटांत मावत नव्हतं. उंच छताखाली माळा होता. दाराबाहेरच्या व्हरांड्यात पिंप, सायकल, कुंड्या आणि पावसाळ्यातली कपड्यांची दोरी होती. जिन्याखाली कुणाचं तरी लाकडी खोकं होतं आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. टॉवरमध्ये छत खाली येतं, माळा आक्रसतो आणि दाराबाहेरची जागा सगळ्यांची असल्यामुळे तिथं काही ठेवता येत नाही. त्यात बहुतेक कुटुंबांना एकदम नव्या घरात जाता येत नाही. मधली काही वर्षं संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात काढावी लागतात. सामान दोनदा हलतं.

घर आवरण्यावरच्या पुस्तकांची सुरुवात बहुधा कपाटापासून होते. जपानच्या मारी कोंडो यांची पद्धत जगभर पोहोचली ती त्यांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये आल्यावर, आणि २०१९ मधल्या नेटफ्लिक्स मालिकेनं ती आपल्याकडेही घरोघरी माहीत झाली. त्या खोलीवार आवरत नाहीत, प्रकारवार आवरतात. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग किरकोळ सामान आणि आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि तिनं मनाला आनंद होतो का ते पाहायचं. त्यांचा क्रम मला मोलाचा वाटतो. सोप्यापासून अवघडाकडे गेलं की निर्णय घेण्याचा हात बसतो. पण आनंदाचा प्रश्न आपल्या घरांत फारसा चालत नाही, कारण आपली अडचण तिथं नसतेच. पितळी पातेलं बघून आजीला आनंद होतो की नाही याच्याशी ते माळ्यावर असण्याचा संबंध नसतो. ते वाया जाऊ नये म्हणून वर ठेवलेलं असतं. टंचाई पाहिलेल्या पिढीला चांगली वस्तू कचऱ्यात जाणं हे चुकीचं वागणं वाटतं, आणि या बाबतीत ती पिढी बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. तिला 'टाकून द्या' म्हटलं की घरात भांडण होतं. 'हे अमक्याकडे जाईल, तो वापरेल' असं सांगितलं की तीच आजी स्वतः पातेलं पुसून देते.

म्हणून स्थलांतराच्या तयारीत पहिलं काम कपाट उघडण्याचं नाही. कुठली वस्तू कुठल्या वाटेनं कुणाकडे जाऊ शकते, हे आधी शोधायचं. फोन करायचे, भाव विचारायचे, कोण काय घेतं आणि काय घेत नाही ते लिहून काढायचं. वाटा ठाऊक असल्या की निर्णय फार लवकर होतात. त्या ठाऊक नसतील तर निवडून बाजूला काढलेला ढीग पुन्हा माळ्यावर चढतो, किंवा शेवटच्या रात्री इमारतीच्या फाटकाबाहेर रस्त्यावर पडतो.

वस्तू हातातून सुटत नाही यामागे मनाची एक सवयही आहे आणि ती मोजून पाहिली गेली आहे. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक कॉफीचा मग दिला आणि मग बाजार भरवला. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. मग सारखेच, विद्यार्थी सारखेच, आणि मालकी तर काही मिनिटांचीच. तीस वर्षं घरात असलेल्या दिवाणाचं काय होत असेल याची कल्पना करा. सागवानी दिवाण बघायला आलेला माणूस भाव सांगतो आणि घरातल्यांना तो अपमान वाटतो. त्याला दिसतं ते लाकूड, आपल्याला दिसतं त्यावर झोपलेलं सगळं घर. हे आधीच माहीत असलं तर बरं. मनातल्या किमतीच्या निम्म्याच्या आसपासचा भाव आला तर घेणारा फसवतोच आहे असं धरून चालू नये. दोन-तीन ठिकाणी विचारावं आणि त्यातल्या चांगल्या भावाला वस्तू द्यावी. ती केवढ्याला घेतली होती हा आकडा त्या क्षणी कामाचा नसतो. ते पैसे केव्हाच खर्च झालेले आहेत.

जागेचा हिशेब मात्र कामाचा आहे आणि तो क्वचितच मांडला जातो. घराचा भाव चौरस फुटाला ३० हजार रुपये धरला आणि एखादं कपाट उघडायच्या जागेसह १० चौरस फूट अडवत असेल, तर त्याच्याखालची जमीन ३ लाखांची होते. त्या कपाटात वर्षानुवर्षं कुणी न वापरलेल्या रजया असतील तर त्या रजयांना तेवढ्या मोलाच्या जागेत ठेवलं आहे.

आपल्याकडे वस्तूंच्या वाटा मुळात होत्याच, आणि त्या दारापर्यंत येत होत्या. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण ही त्यातली सगळ्यात पक्की वाट. साड्या आणि शर्ट यांची घडी उलगडून ती काठ बघायची, विरलेला भाग उजेडात धरायची आणि मग एका पातेल्यासाठी घरातल्या बाईशी तिची लांबलचक घासाघीस व्हायची. तिच्याकडून ते कपडे दुरुस्त होऊन, धुऊन, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जायचे. उरलेल्या चिंध्या कारखान्यांत यंत्रं पुसायला जायच्या. फाटकी सुती नऊवारी घरातच राहायची आणि तिची गोधडी व्हायची. रद्दीवाला तराजू घेऊन यायचा. कल्हईवाला भांड्याचं आयुष्य वाढवायचा. घरात पितळ मागे पडून स्टील आलं तेव्हा जुनी भांडी मोडीला गेली, म्हणजे तीही वितळून दुसरं काही झाली. कुणीही 'घर आवरायला' बसत नसताना घरातून वस्तू सतत बाहेर जात होत्या. आता टॉवरच्या फाटकावर पहारेकरी बसला आणि बोहारणीचा रस्ता बंद झाला. खरेदी एका बोटावर आली, वस्तू घरात येण्याची वाट रुंद झाली, आणि जाण्याची वाट जवळजवळ बुजली. घरं भरण्याचं मोठं कारण मला हेच दिसतं. लोकांना आळशी किंवा हावरट ठरवणं अन्यायाचं आहे.

तर एकेक वाट पाहू.

धातूची वाट सगळ्यात सोपी. तांबं, पितळ, कासं मोडीत वजनावर जातं. तांब्याचा भाव पितळेपेक्षा वरचा. बंबासारख्या भांड्याचं वजन करण्याआधी त्यातलं लोखंड आणि इतर भाग वेगळा धरला जातो, म्हणून हाती येणारा आकडा अपेक्षेपेक्षा कमी असतो. पण जाड पितळी पातेली, परात, घंगाळ लगेच मोडीत घालू नयेत. कल्हई करून स्वयंपाकाला पितळ वापरणारी घरं पुन्हा वाढली आहेत, आणि पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीसारख्या ठिकाणी जुनं भांडं ठोकून नीट करणारे हात अजून आहेत. आधी नात्यात विचारावं. चांगलं पितळ नात्यातच संपतं.

लाकडाला वेळ लागतो. मुंबईत ओशिवऱ्याच्या रिलीफ रोडवर जुन्या सामानाची दुकानं आहेत, मटन स्ट्रीटचा चोर बाजार आहे, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. सागवानी किंवा शिसवी वस्तूला तिथं गिऱ्हाईक मिळतं. प्लायवुड आणि भुसा दाबून केलेल्या पाट्यांच्या फर्निचरला बहुतेक वेळा मिळत नाही. ते एकदा खोललं की पुन्हा नीट उभं राहत नाही, त्यामुळे ते नेण्यातही अर्थ नसतो. पोलादी कपाट हा वेगळाच प्रश्न आहे. गोदरेजनं १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला घेतली आणि मराठी घरांत लग्नातलं कपाट पुढच्या दोन पिढ्या चाललं. नव्या घराच्या दाराची रुंदी, लिफ्टची उंची आणि आतलं वळण मोजल्याशिवाय त्याच्याबद्दल काही ठरवू नये. ते खालपर्यंत आलं आणि लिफ्टमध्ये मावलं नाही तर हमाल ऐनवेळी जो आकडा सांगतील तो द्यावा लागतो.

कपड्यांची वाट मला सगळ्यात नाजूक वाटते, कारण तिथं घेणारा माणूस समोर असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. कोळी वस्त्यांना चालणार नाहीत असे, फाटके, डागाळलेले कपडे लोकांनी मदत म्हणून पाठवले होते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेनं तिथला न वापरलेला ढीग उचलून, निवडून, वापरण्याजोगा करण्याचं काम केलं. हीच संस्था जुन्या सुती कापडातून मासिक पाळीसाठीचे पॅड बनवते, त्यामुळे विटलेली पण स्वच्छ सुती साडी तिथं उपयोगी पडते. कपडे धुऊन, बटणं लावून, प्रकारवार बांधून द्यावेत. जे आपण शेजारच्या घरी देताना लाजू ते देणगीत घालू नये.

घरी कामाला येणाऱ्या ताईंना देतानाही हाच विचार हवा. त्यांचं घर आपल्यापेक्षा लहान आहे. आपला जुना सोफा त्यांच्या दारात मावणार नाही, आणि कामाची जागा जपायची म्हणून त्यांना 'नको' म्हणता येत नाही. म्हणून घर बदलण्याच्या घाईत वस्तू त्यांच्या हातात कोंबू नयेत. काही दिवस आधी सगळं दाखवावं, 'यातलं तुमच्या उपयोगाचं काही असेल तर सांगा, नसेल तरी काही वाटून घेऊ नका' असं मोकळेपणानं म्हणावं, आणि त्यांनी निवडलेलं सामान त्यांच्या घरापर्यंत पोहोचवायच्या टेम्पोचं भाडं आपण द्यावं. घेणाऱ्याला नाही म्हणता आलं तरच ते देणं. एरवी आपण आपली अडचण गरीब घरात नेऊन ठेवतो.

पुस्तकांबद्दल एक गैरसमज पक्का आहे, की वाचनालय सगळं घेईल. वाचनालयांकडेही जागा नाही. त्यांना यादी पाठवावी, त्यांनी खुणा केलेली पुस्तकं द्यावीत. पाठ्यपुस्तकांना पुण्याचा अप्पा बळवंत चौक आहे, इंग्रजी कादंबऱ्यांना मुंबईत फाउंटनचा पदपथ आहे. दिवाळी अंकांचं काय करायचं हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी घरात येतो. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकानं सुरू केलेल्या या परंपरेचे सुटे अंक गावोगावच्या माळ्यांवर आहेत. अलीकडच्या वर्षांतले अंक सहसा कुणाला नको असतात आणि ते रद्दीत गेले तरी हरकत नाही. स्वातंत्र्याआधीचे किंवा त्या सुमाराचे असतील, एखाद्या नियतकालिकाचे सलग संच असतील, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांना आधी विचारावं. ठाण्याची संस्था १८९३ ची आणि मुंबईची १८९८ ची. कुठल्या संचात कुठला अंक नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

विजेवर चालणाऱ्या वस्तू भंगारवाल्याला देणं सोपं असतं, पण त्यातली तार जाळून तांबं काढलं जातं आणि धूर कुणाच्या तरी वस्तीत जातो. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच हा माल जावा अशी त्यांची अपेक्षा आहे. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जुन्या वस्तू, कपडे आणि ई-कचरा गोळा करण्याची सोय करते. जुना संगणक किंवा मोबाइल देण्याआधी त्यातली माहिती पुसायची, निदान हार्डडिस्क काढून ठेवायची. ट्यूबलाइट आणि जुना थर्मामीटर यांत पारा असतो. ते फुटू न देता वेगळे बांधावेत.

आणि देव. तडकलेल्या तसबिरी, झिजलेल्या मूर्ती, जुन्या पोथ्यांची सुटी पानं. यांना कचरा म्हणणं जिवावर येतं, म्हणून त्या पिंपळाच्या पारावर किंवा नदीत जातात. काच, पत्रा आणि छापील रंग नदीत गेल्यानं देवाचा मान राहत नाही. तसबिरीची चौकट, काच आणि कागद वेगळे करावेत. काच आणि लाकूड पुन्हा वापरात जातं. कागद कुंडीतल्या मातीत विरघळवता येतो. नाशिकसारख्या शहरांत अशा तसबिरी गोळा करून, विधी करून, त्यांचे भाग पुनर्वापराला देणारी कामंही उभी राहिली आहेत. घरातल्या मोठ्यांनी हात जोडून नमस्कार करावा आणि मग चौकट खोलावी. ज्यांनी असं केलं त्यांच्या मनावर ओझं राहिलेलं मी पाहिलेलं नाही.

इथवर घाईत फारसा धोका नव्हता. कागदांच्या बाबतीत तो आहे. पुनर्विकासात घराचा हक्कच कागदावर उभा असतो. पागडीच्या खोलीची आजोबांच्या नावची भाडेपावती, सोसायटीचं भागपत्र, खरेदीखत, मुद्रांक शुल्काची पावती, जुनी वीजबिलं, शिधापत्रिका. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घराच्या पात्रतेसाठी १ जानेवारी २००० ही तारीख ठरली आणि पुढे १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घराची सोय झाली. अशा तारखांच्या आधीचं एक पिवळं पडलेलं बिल एका कुटुंबाचं घर ठरवू शकतं. म्हणून नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत राहण्याचा पुरावा ठरेल असा कुठलाही कागद फाडू नये, मग तो कितीही क्षुल्लक दिसो.

दुसरा गठ्ठा पैशांचा. जुन्या पासबुकांत कधीकधी विसरलेली ठेव असते. दहा वर्षं हालचाल नसलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग करतात, पण त्यावरचा खातेदाराचा आणि वारसांचा हक्क जात नाही. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये 'उद्गम' हे पोर्टल सुरू केलं. ट्रंकेत कागदी शेअर सर्टिफिकेटं मिळाली तर ती रद्दी समजू नये. १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातले शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात आणि तिथूनही अर्ज करून परत मिळवता येतात.

तिसरा गठ्ठा क्वचित घरांत निघतो. मोडी लिपीतले कागद. ते वाचता येत नाहीत म्हणून वाळवीला सोडले जातात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतली अशीच दप्तरं मिळवत गेले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड निघाले. त्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कोकणातल्या किंवा देशावरच्या घरातून आलेलं मोडी बाड हाताशी लागलं तर मंडळाला कळवावं. त्यात फक्त भाताचा हिशेब असला तरी अभ्यासकाला तो हवा असतो.

घरगुती वस्तूंबाबतही असं घडलं आहे. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत. १९२० च्या सुमारापासून ते जुन्या घरांतून अडकित्ते, समया, वजऱ्या, दौती, कुंकवाचे करंडे गोळा करत राहिले. लोक त्या वस्तू मोडीत घालत होते आणि केळकर पदरमोड करून त्या विकत घेत होते. बालवयात गेलेल्या मुलाच्या नावानं उभा राहिलेला पुण्यातला राजा दिनकर केळकर संग्रह २० हजारांहून अधिक वस्तूंचा आहे आणि पुढे त्यांनी तो राज्याच्या हवाली केला. पण यावरून आपल्या घरातला प्रत्येक अडकित्ता संग्रहालयाचा आहे असं मानू नये. बहुतेक संग्रहालयांकडे मांडायलाही जागा नाही. छायाचित्र पाठवून विचारावं आणि उत्तर नकाराचं आलं तर मन मोकळं करून ती वस्तू पुढच्या वाटेला लावावी.

राहतात आठवणींच्या वस्तू. अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये मांडलं की माणूस आपल्या वस्तूंना स्वतःचाच वाढलेला भाग मानतो. त्यामुळे वडिलांचा चष्मा टाकताना वडिलांना टाकल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत केलेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या गाठीवर थेट बोट ठेवतो. काही वसतिगृहांत 'आठवणींच्या वस्तूचा फोटो काढा, मग दान करा' असं आवाहन लावलं आणि काहींत नुसतं दानाचं. फोटो काढायला सांगितलेल्या ठिकाणी सुमारे १५ टक्के जास्त वस्तू दान झाल्या. आपण याच्याही पुढे जाऊ शकतो. वस्तू आजीच्या हातात द्यावी, फोनवर आवाज मुद्रित करायला लावावा आणि तिला विचारावं, 'आजी, हा डबा कुणी दिला होता गं?' ती सांगते ते घरात कुणालाच माहीत नसतं. पाळण्याच्या दांड्या मग दिल्या तरी चालतात. माणसामागे एखादीच वस्तू ठेवावी आणि ती वापरात ठेवावी. आजोबांच्या पितळी तांब्यात रोज पाणी प्यायलं तर तो कुणाला अडगळ वाटत नाही.

स्वीडनमध्ये वयस्कर माणसं मरणाआधी स्वतःच आपलं घर आवरतात. तिथल्या मार्गारेटा मॅग्नुसन यांच्या पुस्तकामुळे २०१७ मध्ये ही रीत जगाला कळली. त्या म्हणतात की फोटो आणि पत्रांपासून कधीही सुरुवात करू नका. आणि स्वतःसाठीच मोलाच्या, दुसऱ्या कुणाला अर्थ नसलेल्या वस्तूंची एक छोटी पेटी ठेवा. ती मुलांनी टाकून द्यावी, असं त्यावर लिहा. आपल्याकडे मरणाचा उल्लेख अशुभ मानला जातो, पण ही पेटी घर बदलताना सहज देता येते. घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाला एक खोकं द्यावं आणि त्यात काय आहे ते कधीही विचारू नये. ही एक गोष्ट केली की बाकीच्या सामानाबद्दल ते फार उदार होतात.

काही घरांत मात्र हे सगळं लागू पडत नाही. रद्दी, पिशव्या, तुटक्या वस्तू इतक्या साठलेल्या असतात की पलंगावर झोपता येत नाही, आणि एक पिशवी हलवली तरी माणूस कासावीस होतो. मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून या साठवणुकीला स्वतंत्र विकार म्हणून जागा मिळाली आहे. रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी या अभ्यासकांचं यावरचं काम मोठं आहे. अशा माणसाला फिरायला पाठवून मागे घर रिकामं करणं ही क्रूर गोष्ट आहे. त्यानं विश्वास तुटतो आणि घर काही काळानं पुन्हा भरतं. तिथं तारखेच्या बरेच महिने आधी मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी.

आता वेळेबद्दल. करारानंतर लगेच वाटांचा कागद भिंतीवर लावावा. कोण काय घेतं, कुठल्या वारी घेतं, फोन कुठला. प्रत्येक वाटेचं एक खोकं करावं आणि ते भरलं की त्याच आठवड्यात घराबाहेर जावं, कारण घरात राहिलेलं खोकं हळूहळू पुन्हा उघडलं जातं. पुस्तकं लहान खोक्यांत भरावीत, मोठं खोकं उचलवत नाही आणि त्याचा तळ फाटतो. सामान हलवणारे ट्रकच्या आकारावर, मजल्यावर आणि अंतरावर दर ठरवतात, म्हणून त्यांना घर दाखवण्याआधी वाटेला लागलेलं सामान गेलेलं असावं. तारीख जूनच्या पुढची असेल तर कागद, अल्बम आणि गाद्या पाऊस लागण्याआधी हलवाव्यात.

भाड्याच्या घरात पोहोचल्यावर प्रत्येक बंद खोक्यावर त्या दिवसाची तारीख घालावी आणि आत काय आहे ते दोन शब्दांत लिहावं. तिथली वर्षं ही परीक्षेची वर्षं आहेत. काही खोकी पहिल्याच आठवड्यात उघडतात, काही दिवाळीला, आणि काही टॉवर उभा राहीपर्यंत बंदच राहतात. नव्या घराच्या चाव्या आल्या की बहुतेक कुटुंबं आधी सुताराला किंवा मॉड्युलर किचनवाल्याला बोलावतात आणि भिंतभर कपाटांची मापं देतात. त्याआधी ही बंद खोकी उघडावीत. त्यातलं काय नव्या घरात येणार ते ठरल्यावरच कपाट किती फुटांचं हवं ते त्याला सांगता येतं.